कामावर अपघात झाला : भरपाई किती, कुठे मागायची आणि कुठे घसरते

पॉवर प्रेसवर डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) खाली येते आणि बोटं आत राहतात. त्यानंतरच्या पहिल्या तासात ठेकेदाराचा सुपरवायझर जखमी कामगाराला जवळच्या खाजगी दवाखान्यात नेतो, बिल भरतो आणि म्हणतो, "घाबरू नको, साहेब सगळं बघतील." ते 'सगळं' किती रुपयांचं, हे कायद्यानं ठरलेलं आहे. साहेबांच्या मर्जीचा त्यात काही भाग नाही. वय, पगार आणि अपंगत्वाची टक्केवारी या तीन आकड्यांवर रक्कम निघते. तिन्हींपैकी एखादा आकडा कागदावर खाली उतरवला गेला की भरपाई तेवढी खाली येते, आणि बहुतेक वेळा तो पहिल्या आठवड्यातच उतरवला जातो.

आधी एक प्रश्न : ईएसआय आहे का?

ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना. पुढची सगळी वाट इथून फुटते. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आणि ईएसआय लागू असलेल्या आस्थापनेत महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल (दिव्यांग कामगारासाठी २५,०००), तर कामगार ईएसआयचा विमाधारक असतो. पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. अशा कामगाराचा दावा ईएसआयच्या शाखा कार्यालयात चालतो. मालकावर नुकसानभरपाईचा वेगळा दावा टाकता येत नाही, ईएसआय कायद्याचं कलम ५३ तो रस्ता बंद करतं.

ईएसआय लागू नसेल, म्हणजे पगार मर्यादेच्या वर असेल किंवा आस्थापनाच छोटी असेल, तर १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा. जुनी माणसं त्याला अजून 'वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन' म्हणतात, २०१० मध्ये नाव बदललं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली असून दोन्ही कायदे तिच्यात सामावले आहेत. त्या तारखेआधीचा अपघात जुन्या कायद्यानं मोजायचा, नंतरचा संहितेनं. हिशेबाचं सूत्र तेच राहिलं आहे. पगाराची कमाल मर्यादा आणि किमान रक्कम सरकार अधिसूचनेनं ठरवतं, म्हणून अर्ज करताना अपघाताच्या दिवशी लागू असलेला आकडा घ्यायचा. या लेखातले कलम क्रमांक आणि आकडे जुन्या कायद्याचे आहेत, कारण आज न्यायालयांत चालू असलेले बहुतेक दावे त्याच कायद्याखालचे आहेत.

मालकानं ईएसआयची नोंदणीच केली नव्हती, अपघातानंतर धावपळ करून नाव चढवलं, असं सर्रास होतं. ईएसआय लागू असलेल्या ठिकाणी मालकाच्या या चुकीमुळे कामगाराचा हक्क बुडत नाही. ईएसआय महामंडळ लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकतं. त्यामुळे "तुझं नाव चढवलेलं नाही, काही मिळणार नाही" हे वाक्य ऐकून घरी बसू नये.

पहिले तीन दिवस

दवाखान्यात पोहोचल्यावर डॉक्टर विचारतात, कसं लागलं? या प्रश्नाचं उत्तर केसपेपरवर जातं आणि दोन वर्षांनी तोच कागद न्यायाधीशांपुढे असतो. सोबत आलेला सुपरवायझर "घरी पडला", "गाडीवरून घसरला" असं सांगून मोकळा होतो. म्हणून कामगारानं, तो शुद्धीत नसेल तर नातेवाईकानं, स्वतः सांगायचं : अमुक कारखान्यात, अमुक मशीनवर, अमुक वाजता. एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवली जाणारी दवाखान्याची नोंद) करायला सांगायची. सरकारी रुग्णालयात ती सहज होते. काही छोटे खाजगी दवाखाने टाळतात, तिथे निदान केसपेपरवर कारण लिहून घ्यायचं आणि त्याचा फोटो काढून ठेवायचा.

त्याच दिवशी कुणीतरी सहकाऱ्यानं मशीनचे फोटो घ्यावेत. प्रेसचा अपघात असेल तर तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत : सेफ्टी गार्ड किंवा सेन्सर होता का, चालू होता का, आणि प्रेस दोन हातांच्या बटणांवर चालत होता की पायाच्या पेडलवर. उत्पादन वाढावं म्हणून सेन्सर बंद करून पेडलवर काम घेणं ही जुनी सवय आहे, आणि अपघातानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं जागच्या जागी बसवलेलं असतं.

लेखी सूचना मालकाला आणि ठेकेदाराला द्यायची. एक पान पुरतं : नाव, काम, तारीख, वेळ, जागा, कसं लागलं, कोणकोण हजर होतं. रजिस्टर्ड पोस्टानं पोचपावतीसह पाठवायची आणि व्हॉट्सअॅपवरही टाकायची. कायदा म्हणतो 'शक्य तितक्या लवकर'. उशीर झाला किंवा सूचनेत चूक राहिली तरी मालकाला अपघात आधीच माहीत असेल तर दावा फेटाळता येत नाही. पण माहीत होतं हे सिद्ध करण्यापेक्षा शंभर रुपयांचं पोस्ट बरं.

सूचना मिळाल्यावर तीन दिवसांच्या आत मालक स्वतःच्या खर्चानं डॉक्टरकडून तपासणी करून घेण्याचा प्रस्ताव देऊ शकतो. तो नाकारू नये. विनाकारण नाकारला तर भरपाईचा हक्क तेवढ्या काळापुरता थांबतो. तपासणीला जायचं, मात्र तिथे कसल्याही कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा द्यायचा नाही.

ईएसआय असेल तर मालकानं अपघाताचा अहवाल फॉर्म १२ मध्ये द्यायचा असतो. साध्या अपघातात २४ तासांत, गंभीर जखम किंवा मृत्यू असेल तर तात्काळ. त्याची प्रत मागून घ्या. फॉर्म १२ उशिरा भरला की शाखा कार्यालय 'हा कामावरचाच अपघात का' म्हणून चौकशी लावते आणि पैसे अडकून पडतात.

ईएसआयमध्ये काय मिळतं

उपचार पूर्ण, आपल्या खिशातून काही नाही. कामावर जाता येत नाही त्या काळात सरासरी दैनिक वेतनाच्या ९० टक्के. आजारपणाच्या लाभासाठी आधी काही दिवसांचं योगदान भरलेलं असावं लागतं, कामावरच्या अपघाताला ती अट नाही. कामाचा पहिलाच दिवस असला तरी हक्क लागतो. फक्त अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बंद राहिलेलं असावं.

जखम भरल्यावर कायमची उणीव राहिली तर वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती टक्के घटली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात मासिक रक्कम तहहयात सुरू होते. १८,५०० रुपये पगार आणि २० टक्के घट असेल तर ९० टक्क्यांचे २० टक्के, म्हणजे महिन्याला साधारण ३,३३० रुपये. रक्कम छोटी वाटते, पण कामगार दुसरी नोकरी करत असला तरी ती चालू राहते. बरेच कामगार तात्पुरता लाभ संपला की फिटनेस प्रमाणपत्र घेऊन कामावर रुजू होतात आणि वैद्यकीय मंडळाकडे जातच नाहीत. बोट तुटलेलं असो वा खांदा वर होत नसो, शाखा कार्यालयात मंडळासाठी अर्ज टाकायचाच.

मृत्यू झाल्यास आश्रितांना त्याच ९० टक्क्यांच्या दरानं मासिक लाभ मिळतो : पत्नीला तीन पंचमांश, प्रत्येक मुलाला दोन पंचमांश, बेरीज पूर्ण दराच्या वर गेली तर सगळ्यांचे वाटे प्रमाणात कमी होतात. अंत्यविधीसाठी १५,००० रुपये वेगळे.

ईएसआय नसेल तर : हिशेब

इथे रक्कम एकदम मिळते. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पगाराच्या ६० टक्के गुणिले वयाचा घटक. मृत्यू झाला तर ५० टक्के गुणिले तोच घटक. (होय, मृत्यूची रक्कम कमी आहे. जिवंत माणसाला पुढे खायचंही असतं, एवढाच त्यातला हिशेब.) जुन्या कायद्यात किमान रक्कम मृत्यूसाठी १,२०,००० आणि पूर्ण अपंगत्वासाठी १,४०,००० होती.

घटक कायद्याच्या परिशिष्टात वयानुसार छापलेला आहे : २५ व्या वर्षी २१६.९१, ३२ ला २०३.८५, ४० ला १८४.१७, ५० ला १५३.०९. वय म्हणजे अपघाताच्या तारखेआधीच्या वाढदिवसाला पूर्ण झालेलं. आधार कार्डावर '१ जानेवारी' अशी ठोकळ जन्मतारीख असलेल्या कामगारांचं वय अनेकदा दोनचार वर्षांनी जास्त लागलेलं असतं. शाळा सोडल्याचा दाखला असेल तर तो काढा.

पगार ३ जानेवारी २०२० पासून कमाल १५,००० रुपये धरला जातो, प्रत्यक्षात तीस हजार असला तरी. त्याआधीच्या अपघातांना ८,०००.

अपंगत्व अंशतः असेल तर पूर्ण अपंगत्वाच्या रकमेला टक्केवारीनं गुणायचं. टक्केवारी पहिल्या परिशिष्टात : अंगठा पूर्ण गेला ३०, अंगठ्याचं शेवटचं पेर २०, तर्जनी पूर्ण १४, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७, एका हाताची दोन बोटं २०, तीन ३०, चारही ५०, एक डोळा गेला आणि दुसरा चांगला आहे ४०.

उदाहरण घेऊ. ३२ वर्षांचा प्रेस ऑपरेटर, पगार २३,००० म्हणजे ईएसआयच्या बाहेर, एका हाताची दोन बोटं गेली. धरायचा पगार १५,०००. त्याचे ६० टक्के ९,०००. गुणिले २०३.८५, म्हणजे १८,३४,६५०. त्याचे २० टक्के ३,६६,९३० रुपये.

आता हाच कामगार छोट्या वर्कशॉपमध्ये आहे, हातात १५,००० येतात पण पगार स्लिप १२,००० ची आहे आणि वरचे तीन हजार रोख. स्लिपवर हिशेब केला तर २,९३,५४४ रुपये होतात. रोखीच्या तीन हजारांनी ७३,३८६ रुपयांचा फटका बसला. म्हणून बँक स्टेटमेंट, यूपीआयच्या नोंदी, ओव्हरटाइमची वही, सुपरवायझरचे मेसेज हे सगळं पगाराचा पुरावा म्हणून जमवायचं. काहीच नसेल तर निदान त्या कामाचं किमान वेतन धरावं असं अर्जात लिहायचं. किमान वेतनापेक्षा कमी पगार मालकानं सांगणं म्हणजे दुसऱ्या कायद्याचा भंग कबूल करणं आहे, हे त्याच्या वकिलाला बरोबर कळतं.

परिशिष्टातल्या टक्क्यांवर थांबायचं का?

सगळ्यात जास्त पैसे इथे सुटतात. कायदा शरीराचा किती टक्के भाग गेला हे मोजत नाही, कमाईची ताकद किती गेली हे मोजतो. प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या १९७६ च्या खटल्यात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. मालकाचं म्हणणं होतं की परिशिष्टाप्रमाणे अंशतः अपंगत्व धरा. सर्वोच्च न्यायालयानं १०० टक्के मान्य केलं, कारण एका हातानं सुतारकाम होत नाही. म्हणून अर्जात 'दोन बोटं गेली' एवढ्यावर थांबू नका. कोणतं काम करत होता, त्यात कोणती पकड लागते, आता काय जमत नाही, हे सविस्तर लिहा. वेल्डर, शिंपी, चालक, हमाल, प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं.

पाठीचा कणा, खांदा, डोक्याची दुखापत परिशिष्टात नसते. तिथे डॉक्टरचं प्रमाणपत्रच पुरावा. 'कायमचं शारीरिक अपंगत्व ३५ टक्के' एवढंच लिहून आणू नये, 'कमाईच्या क्षमतेतली घट' हे शब्द आणि तिचा आकडा त्यात हवा. आणि तो डॉक्टर साक्षीला यायला तयार हवा. साक्षीला न आलेल्या डॉक्टरचं प्रमाणपत्र समोरचा वकील सहज बाजूला सारतो.

बाकीचं थोडक्यात. तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरा दिवसांनी मासिक पगाराच्या २५ टक्के, म्हणजे १५,००० वर ३,७५०, जास्तीत जास्त पाच वर्षं. अपंगत्व २८ दिवस किंवा जास्त टिकलं तर पहिल्या दिवसापासून, कमी असेल तर पहिले तीन दिवस वगळून. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकानं वेगळा द्यायचा असतो, तो भरपाईतून वजा होत नाही. सगळी बिलं ठेवा, औषधांच्या दुकानाचीसुद्धा.

मालकाची नेहमीची चार उत्तरं

"हा आमचा नाही, ठेकेदाराचा." कलम १२ प्रमाणे मालकाच्या धंद्याचंच काम ठेकेदारामार्फत चालत असेल तर मूळ मालक जबाबदार. त्याला पुढे ठेकेदाराकडून वसूल करता येतं, तो त्यांचा प्रश्न. अर्जात दोघांना आणि विमा कंपनीलाही सामनेवाले करा. ठेकेदार एकटाच घेतला की तारखेला हजर राहत नाही आणि निकाल लागल्यावर सापडत नाही.

"दारू प्यायला होता" किंवा "गार्ड त्यानंच काढलं." हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. शिवाय मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर हा बचाव चालतच नाही. गार्ड सुपरवायझरच्या सांगण्यावरून काढलं असेल तर तो कामगाराचा हेतुपुरस्सर दोष ठरत नाही. वर सांगितलेले फोटो इथे कामी येतात.

"चूक त्याचीच होती." चुकीचा प्रश्नच नाही. साधा निष्काळजीपणा भरपाई अडवत नाही.

"रस्त्यावर झाला, कारखान्यात नाही." ईएसआयमध्ये घर ते काम या प्रवासातला अपघात २०१० पासून कायद्यातच आहे, संहितेतही आला आहे. १९२३ च्या कायद्याबद्दलचा वाद जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मिटवला, आणि ते प्रकरण धाराशिव भागातल्या साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याचं होतं. पहाटे तीनच्या पाळीला निघालेला माणूस कारखान्यापासून पाचेक किलोमीटरवर अपघातात गेला. घर ते काम यांचा वेळ, जागा आणि परिस्थितीनं संबंध दिसत असेल तर तो कामाच्या ओघातला अपघात, असं न्यायालयानं धरलं. म्हणून वाटेतल्या अपघातात पाळीची वेळ, हजेरी आणि नेहमीचा रस्ता सिद्ध करणारे कागद आधी गोळा करा.

शेतीवरही हा कायदा लागतो, हे गावाकडे फारसं कुणी सांगत नाही. ट्रॅक्टर किंवा यंत्रावर चालणाऱ्या शेतकामातला मजूर दुसऱ्या परिशिष्टात आहे. मळणी यंत्रात हात गेला तर दावा होतो, आणि रोजंदारीवर होता म्हणून तो बाद होत नाही.

अर्ज कुठे आणि कसा

दावा कर्मचारी भरपाई आयुक्तांपुढे चालतो. महाराष्ट्रात हे काम मोठ्या औद्योगिक शहरांत कामगार न्यायालयाचे न्यायाधीश आणि बऱ्याच जिल्ह्यांत दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर, पाहतात. अपघात जिथे झाला तिथे, कामगार किंवा आश्रित जिथे राहतात तिथे, किंवा मालकाचं नोंदणीकृत कार्यालय जिथे आहे तिथे, तिन्हींपैकी कुठेही अर्ज करता येतो. चाकणला बोटं गेलेला नांदेडचा मुलगा नांदेडला दावा टाकू शकतो. दर तारखेचं एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी धरली तर ही सवलत मोठी आहे.

जखमी कामगाराचा अर्ज नमुना एफ मध्ये, आश्रितांचा नमुना जी मध्ये. मुदत अपघातापासून किंवा मृत्यूपासून दोन वर्षं. सबळ कारण असेल तर आयुक्त उशीर माफ करतात, पण ते कारण लेखी द्यावं लागतं. "मालक तडजोड करू म्हणत होता" हे कारण मेसेज जपून ठेवले असतील तरच टिकतं.

सोबत जोडायचं : केसपेपर, एमएलसी, डिस्चार्ज कार्ड, अपंगत्वाचं प्रमाणपत्र, वयाचा आणि पगाराचा पुरावा, नोकरीचा पुरावा (गेटपास, पीएफ पासबुक, हजेरीचे फोटो, सहकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं), सूचनेची पोचपावती. कारखान्यातल्या गंभीर अपघाताची चौकशी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय करतं. तो अहवाल माहितीच्या अधिकारात मागवा. मशीनमधली त्रुटी सरकारी अधिकाऱ्यानंच लिहिलेली असली की उलटतपासणी लवकर आटोपते.

मृत्यूच्या प्रकरणात घरच्यांनी आयुक्तांना साधं पत्र पाठवलं तरी ते मालकाला नोटीस काढून ३० दिवसांत खुलासा मागवू शकतात. मालकानं जबाबदारी मान्य केली तर त्याच मुदतीत रक्कम जमा करावी लागते.

वकील लागतोच असं नाही, पण असलेला बरा. औद्योगिक कामगार, महिला आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. निकालाच्या रकमेत टक्का मागणं वकिलांच्या आचारसंहितेला मान्य नाही, 'वीस टक्के द्या, बाकी मी बघतो' म्हणणाऱ्याकडून उठून यावं.

ट्रक-टेम्पोवरचे चालक आणि क्लीनर यांना दोन दारं असतात : मोटार अपघात न्यायाधिकरण किंवा भरपाई आयुक्त. दोन्हीकडे मिळून नाही, एकच निवडायचं. चूक दुसऱ्या वाहनाची असेल तर न्यायाधिकरणात रक्कम मोठी निघू शकते, कारण तिथे १५,००० ची मर्यादा नाही. चालकाची स्वतःचीच चूक असेल तर आयुक्तांकडे जा, तिथे चूक पाहत नाहीत.

इमारत आणि बांधकामावरच्या नोंदीत कामगारानं महाराष्ट्राच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडेही अर्ज करावा. मंडळाचं साहाय्य भरपाईपेक्षा वेगळं आहे, एकामुळे दुसरं बंद होत नाही.

'फुल अँड फायनल'चा कागद

पन्नास हजार रोख, स्टॅम्प पेपरवर सही, "आता माझी काही तक्रार नाही." या कागदाला काय किंमत? कलम १७ प्रमाणे हक्क सोडून देणारा करार रद्दबातल. तडजोड करायचीच असेल तर तिचं ज्ञापन आयुक्तांकडे नोंदवावं लागतं. रक्कम अपुरी किंवा फसवून घेतलेली वाटली तर आयुक्त नोंदणी नाकारतात. नोंदणी नसेल तर मालकाची पूर्ण जबाबदारी कायम राहते. तेव्हा सही झाली म्हणून दावा गेला असं समजू नका. घेतलेल्या रकमेचा उल्लेख अर्जात प्रामाणिकपणे करा.

मृत्यूच्या प्रकरणात तर मालकानं थेट विधवेच्या हातात दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरलीच जात नाही, तीन महिन्यांच्या पगारापर्यंतचा आगाऊ भाग सोडला तर. सगळी रक्कम आयुक्तांकडे जमा व्हायला हवी. वाटप तेच करतात, अज्ञान मुलांचा वाटा बहुधा बँकेत मुदतठेवीत जातो. सासर-माहेरच्या ओढाताणीत ही तरतूद अनेक बायकांच्या कामी आली आहे.

व्याज, दंड, वसुली

भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते, हेही सुताराच्या त्याच निकालात आहे. महिन्याभरात दिली नाही तर वर्षाला १२ टक्के सरळ व्याज. वरच्या ३,६६,९३० वर वर्षाला सुमारे ४४,००० रुपये होतात. व्याज अपघाताच्या तारखेपासून मागा. बरेच अर्ज 'अर्जाच्या तारखेपासून' लिहून वर्ष-दीड वर्षाचं व्याज फुकट घालवतात. उशिराला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही लागतो, आणि तो सहसा विमा कंपनी भरत नाही, मालकाच्या खिशातून जातो. तडजोडीच्या टेबलावर या दंडाचा उल्लेख नुसता केला तरी बोलण्याचा सूर बदलतो.

निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपील ६० दिवसांत, तेही कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच. मालकाला अपील करायचं तर आधी पूर्ण रक्कम आयुक्तांकडे भरून तसं प्रमाणपत्र जोडावं लागतं. अपील नाही आणि पैसेही नाहीत अशी वेळ आली तर आयुक्तांकडे वसुलीचा अर्ज द्या : रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, वसुली दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि पुढे तहसीलदार कारखान्याच्या दारात येतो. दाखला निघाला म्हणून थांबू नका. तहसील कार्यालयात तो कोणत्या टेबलावर आहे हे दर पंधरा दिवसांनी जाऊन विचारावं लागतं, आणि मालकाच्या मिळकतीचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आपणच काढून दिलं तर जप्तीची नोटीस लवकर निघते.